पिराच्या चढणीवरचा आकडा

अहमदपूर आणि आसपासच्या तालुक्यांत चाळीस-पन्नास ट्रक असे आहेत, की ज्यांच्या ड्रायव्हरकडच्या दाराला आतून पिवळ्या रंगानं एक आकडा लिहिलेला असतो. अठ्ठ्याण्णव. एकशे चार. एकशे बारा. तपासणीला आलेल्या साहेबाला त्याचा अर्थ लागत नाही. चहाच्या टपरीवर मात्र एक ड्रायव्हर दुसऱ्याला गाव विचारतो आणि लगेच हा आकडा विचारतो. आकडा म्हणजे चाकापर्यंत पोचलेले घोडे. इंजिनात किती घोडे आहेत ते पुस्तकात छापलेलं असतं. त्यातले गियरमध्ये किती मेले, वाटेत किती दमले आणि टायर रस्त्याला भिडतो तिथं किती जिवंत उरले, ते जिलानी मिस्त्री सांगतो.

जिलानी एकसष्ट वर्षांचा आहे. सातवी शिकलेला. तरुणपणी नांदेडला एका गॅरेजात पाने पुसायला होता, तेव्हा आयटीआयचे एक मास्तर तिथं गाडी दुरुस्तीला आणायचे. एकदा ते म्हणाले, घोडा म्हणजे काही गूढ नाही, पंच्याहत्तर किलो ओझं एका सेकंदात एक मीटर वर उचललं की झाला एक घोडा. एवढं सांगून मास्तर गाडी घेऊन गेले. जिलानीच्या डोक्यात ते ओझं राहिलं. ट्रक उचलायचा कसा? क्रेन नाही, साखळी नाही. अनेक वर्षांनी, भरलेली गाडी चढणीवर कण्हत जाताना बघून त्याला उत्तर मिळालं. चढणीवर गाडी स्वतःलाच उचलत असते, फक्त तिरकी.

ती पिराची चढण. आता नांदेडचा मोठा रस्ता बाजूनं गेला आहे आणि जुन्या रस्त्यावर शेळ्या बसतात. सव्वीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात जिलानीनं मलप्पा गवंड्याला तिथं नेलं. भिंतीची पातळी काढायला गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती नळी त्यानं घ्यायला सांगितली होती. मलप्पानं विचारलं, मिस्त्री, भिंत कुठं बांधायची हाय? जिलानी म्हणाला, बांधलेलीच हाय, आडवी पडलीय. दहा मीटर पुढं जायचं, नळी धरायची, पाणी थांबेपर्यंत श्वास धरायचा, आकडा लिहायचा. असं चाळीस वेळा. चारशे मीटरमध्ये बावीस मीटर चढ निघाला. खाली एक पांढरा पट्टा मारला, वर एक मारला. मधे थोडं वळण आहे. त्या वळणावर लिंबाच्या झाडाखाली पिराचा दर्गा आहे. झाडामुळं तो वरच्या पट्ट्यावरून दिसत नाही.

पद्धत साधी होती. गाडीत खडी भरायची आणि वजनकाट्यावर तोलायची. खालून दौड घेऊन यायचं. पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यावर आलं की ड्रायव्हरनं हॉर्न द्यायचा आणि रेस पूर्ण दाबून वर यायचं. जिलानी वरच्या पट्ट्याशी घड्याळ घेऊन उभा. शाळेच्या खेळमास्तरांनी निवृत्त होताना दिलेलं ते घड्याळ, बटण दाबलं की टिक करून सुटणारं. हॉर्नचा आवाज वर पोचायला एक सेकंद लागतो, म्हणून तो एक सेकंद जिलानी न विसरता मिळवायचा. मग वजन, चढ आणि सेकंद यांचा गुणाकार-भागाकार. टायर रस्त्याला घासून जी ताकद जाते तिचा वाटा दर टनाला दहा किलो, हेही मास्तरांनीच कधीतरी सांगितलेलं. जो आकडा निघेल तो दारावर पिवळ्या रंगात.

घोडे कळले की तो त्यातून चाकाचा पीळ काढायचा. पुस्तकात त्याला टॉर्क म्हणतात. जिलानी समोरच्याला पाना दाखवून सांगायचा. एक मीटर लांब पाना आसाच्या नटाला लावला, दुसऱ्या टोकाला अमुक इतके किलो टांगले, तर जेवढा पीळ बसेल तेवढा तुझ्या गाडीच्या चाकात आहे. घोडे गाडीला पळवतात, पीळ तिला हलवतो. अडकलेल्या गाडीला घोडे विचारत नाहीत, पीळ विचारतात.

या आकड्यावर लोकांनी गाड्या घेतल्या, विकल्या, पैजा लावल्या. जिलानीनं कुणाला एक घोडा वाढवून दिला नाही, स्वतःच्या मेहुण्यालासुद्धा. मेहुणा वर्षभर बोलत नव्हता.

दिवाळी झाली आणि बोरमाळचा निवृत्ती त्याच्याकडं आला. बोरमाळ हे जळकोटच्या अंगाला, माळावरचं गाव. निवृत्तीची दहा चाकी गाडी अकरा वर्षांची. तिचं इंजिन गेल्याच वर्षी जिलानीनं सगळं उतरवून नव्यानं बांधलं होतं. त्याच्यासोबत वीज कार्यालयातली तरुण अभियंता होती, तनुजा नावाची. लातूरची मुलगी, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली, हातात फाइल.

प्रकरण असं होतं. माळावर अकरा गावांसाठी वीज उपकेंद्र मंजूर झालं होतं. खांब उभे राहिले, खोली बांधून झाली. फक्त मोठा ट्रान्सफॉर्मर वर जायचा राहिला होता. त्याचं वजन अठरा टन. तो वाहायची लांब ट्रेलरगाडी बोरमाळच्या घाटातल्या वळणांवर बसत नव्हती; दहा चाकीच बसत होती. पण घाटाच्या शेवटी बैलथांबा नावाचा टप्पा आहे. पूर्वी भरलेल्या बैलगाड्या तिथं थांबायच्या, बैल फेस गाळायचे, म्हणून ते नाव. एकशे ऐंशी मीटरचा तो टप्पा दर साडेसात फुटांना एक फूट चढतो आणि एका बाजूला खोल घळ आहे. पुढून दुसरी गाडी बांधून ओढायला कार्यालयाची मनाई होती. मागं कुठंतरी साखळी तुटून माणूस गेला होता. तनुजाला लेखी हवं होतं, की ही गाडी एवढं ओझं घेऊन तिथं न थांबता चढेल. महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तसा कागद मिळाला नाही तर ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या तालुक्याला जाणार आणि माळाचा नंबर पुन्हा दोन-तीन वर्षांनी. गाड्यांच्या मोठ्या दुकानात तिनं विचारलं होतं. त्यांनी पुस्तकातला इंजिनाचा आकडा वाचून दाखवला. चाकावर किती येतं ते सांगता येणार नाही म्हणाले.

निवृत्तीला घाई का, ते जिलानीला माहीत होतं. बोरमाळला शेतीची लाइट रात्री अकराला यायची आणि सकाळी जायची; उपकेंद्र सुरू झालं की ती दिवसा येणार होती. तीन वर्षांपूर्वी निवृत्तीचा थोरला भाऊ ग्यानोबा हरभऱ्याला पाणी द्यायला गेला आणि सापानं त्याला पाण्याच्या दंडाजवळ गाठलं; तो वाचला नाही. आता ते पाणी त्याची बायको सिंधु देते. निवृत्ती महिन्यातले वीस दिवस गाडीवर असतो. कंबरेला बॅटरी बांधून, हातातली काठी आपटत ती एकटी सारे धरते, एकेका वाफ्यात पाणी वळवते. यंदाही हरभरा पेरलेला होता. पाण्याची पाळी तीन आठवड्यांवर आली होती.

"वैनीला म्हणलं, यंदा दिवसा पाणी देशील," निवृत्ती म्हणाला. "बोलून बसलोय."

जिलानीनं खडी भरायला सांगितली.

काट्यावर गाडी खडीसकट चोवीस टन भरली. चढणीवर घड्याळात ऐंशी सेकंद आले, आवाजाचा एक सेकंद धरून. घोडे निघाले एकशे चार. त्यातून पहिल्या गियरमधला पीळ काढला तर आला दोन हजार एकशे सत्तर. बैलथांब्याला अठ्ठावीस टन ओढायला, तिथला सैल मुरूम धरून, लागणार होता दोन हजार तीनशे. जिलानीनं वहीचं पान उलटून पुन्हा पहिल्यापासून केलं. तेच आलं. एकशे तीस कमी. एकशे तीस कमी म्हणजे घळीच्या कडेला हात सोडून देणारा जोडीदार.

त्यानं सरळ सांगितलं, चढणार नाही. अर्ध्यात थांबेल, आणि तिथं थांबलेली गाडी फक्त मागं येते.

 निवृत्तीनं विचारलं, "तुमचा आकडा कधी चुकला न्हाई ना, जिलानीभाई?"

"न्हाई."

"एकदाबी?"

"एकदाबी न्हाई."

आणि हे सांगताना जिलानीला आयुष्यात प्रथमच वाटलं, की एखादा चुकला असता तर बरं झालं असतं.

इंजिन त्याच्या हातचं होतं. एकेक पिस्टन त्यानं स्वतः बसवला होता. आवाज ऐकून त्याचं मन सांगत होतं की यात एकशे चारपेक्षा जास्त आहे. पण मन आणि घड्याळ यांच्यात त्यानं नेहमी घड्याळाची बाजू घेतली होती. मनाच्या नादी लागलेले मिस्त्री त्यानं पाहिले होते. ते गिऱ्हाइकाला हवं ते बोलतात, आणि गिऱ्हाइक चढणीवर एकटं पडतं. पुस्तकाच्या हिशोबानं त्याचे आकडे कायमच थोडे कमी यायचे, हे त्याला ठाऊक होतं. उन्हाळा, डिझेल, जुना रस्ता, अशी कारणं त्यानं मनाशी लावून ठेवली होती. सगळ्याच गाड्यांचे कमी येत, त्यामुळं एकीची दुसरीशी तुलना बरोबर बसे. कुणाची तक्रार नव्हती. कमी आकड्याचंही एक समाधान असतं. त्यात फसवणूक नाही असं वाटतं.

तनुजा वही घेऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली.

"गणित बरोबर आहे, मिस्त्री. मी दोनदा केलं," ती म्हणाली. "चूक असलीच तर ती वहीत नाही, चढणीवर असेल. आज घड्याळ मी धरते. तुम्ही गाडीत बसा."

जिलानीला राग आला. तो म्हणाला, सव्वीस वर्षं हे घड्याळ माझ्या हातात हाय, मॅडम.

"म्हणूनच," ती म्हणाली.

पोरगी आगाऊ होती, पण तिच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. जिलानीनं घड्याळ तिच्या हातावर ठेवलं. हॉर्नचा एक सेकंद मिळवायचं बजावलं. मग तो निवृत्तीच्या डाव्या बाजूला चढून बसला. त्याच्या लक्षात आलं, की सव्वीस वर्षांत या चढणीवर चाचणीच्या गाडीत तो कधीच बसला नव्हता. त्यानं प्रत्येक गाडी शेवटालाच पाहिली होती, लिंबामागून बाहेर येताना.

निवृत्तीनं दौड घेतली. पट्ट्यावर हॉर्न वाजला. तिसऱ्या गियरमध्ये इंजिन घट्ट आवाजात लागलं आणि जिलानीनं डोळे मिटले. आवाज चांगला होता. भरल्या घागरीसारखा, कुठं पोकळ नाही. पायाखालच्या पत्र्यातून थरथर वर येत होती. मग अचानक थरथर थांबली. रेस सुटली. एक, दोन, तीन. गाडीचा दम गेला, निवृत्तीनं गियर दुसऱ्यात ओढला, इंजिन पुन्हा लागलं, पण गेलेला वेग परत मिळवायला त्या चोवीस टनांना किती कण्हावं लागलं ते जिलानीनं बसल्या जागी अनुभवलं.

त्यानं डोळे उघडले. उजवीकडं दर्गा मागं जात होता. निवृत्तीचा हात स्टिअरिंगवरून कपाळाला लागून खाली येत होता.

आणि जिलानीचा स्वतःचा हात छातीवर होता.

वर तनुजानं सांगितलं, एक्क्याऐंशी. जिलानी उतरला आणि हसायला लागला. त्याला असं हसताना निवृत्तीनं कधी पाहिलं नव्हतं. मेहुण्यानंसुद्धा पाहिलं नसेल. हसू आवरल्यावर त्यानं विचारलं, "दर्ग्यापाशी पाय का उचललास रे?"

"कुठं उचलला?"

"तीन सेकंद उचलला. मी मोजले."

निवृत्ती खरोखर विचारात पडला. त्याला आठवत नव्हतं. त्याच्या वडिलांच्या काळापासून या चढणीवर गाडी नेणारा प्रत्येक जण, हिंदू असो की मुसलमान, पिरासमोर वेग सोडतो आणि हात लावतो. कुणी शिकवत नाही. शेजारी बसणारा बघतो आणि पुढं त्याचाही पाय तसाच उचलतो. मोठ्या रस्त्यानं जाणारे आता इकडं येत नाहीत, पण चाचणीला आलेला एकही पाय ही गोष्ट विसरला नव्हता. तीन सेकंदांचा सलाम. त्यातून गेलेला वेग भरून यायला आणखी सात. असे दहा सेकंद प्रत्येक गाडीच्या घोड्यांतून गेले होते. आवाजाला वर यायला लागणारा एक सेकंद जिलानीनं कधी सोडला नव्हता. हे दहा त्याला दिसले नव्हते; वळणावर आवाज तुटला की गियर पडला असं तो धरायचा, आणि तो स्वतः गाडीत असता तर त्यानंही हेच केलं असतं.

सव्वीस वर्षं त्यानं माणसांची अदब इंजिनातून वजा केली होती.

तनुजानं विचारलं, मग आता सलाम न करता एकदा चढून बघायचं का? निवृत्तीनं लगेच मान हलवली. पिराला पाठ दाखवून त्याच्यानं चढवणार नाही. आणि असल्या ओझ्याच्या वेळी तर मुळीच नाही. जिलानीनं त्याला आग्रह केला नाही. त्याच्या स्वतःच्याही तोंडून ते शब्द निघाले नसते. तिघंही उतरण पायी चालत लिंबाखाली आले.

दर्ग्याची देखभाल साबेराबी करते. नवरा गेल्यापासून झाडणं, पाणी, दिवा सगळं तीच बघते. वय सत्तरीच्या पुढं, कान तीक्ष्ण. हातातला झाडू न ठेवता तिनं सगळी हकिगत ऐकून घेतली. निवृत्तीनं अडचण सांगितली तेव्हा ती वैतागली.

"बाबांना सलाम काय चालत्या गाडीतूनच लागतो का रे? उतरून तर कोणीच येत न्हाई. वर्षानुवर्षं नुसता धूर देऊन राहिलेत. आधी आत या, बसा, च्या प्या. मग जावा की सुसाट."

"अन् बाबा रुसले तर?" निवृत्ती म्हणाला.

"बाबा न्हाई रुसत. मी रुसते."

तिघं आत गेले. निवृत्तीनं साबेराबीनं दिलेली सब्ज्याची डहाळी आणि साखर ठेवली, डोकं टेकवलं, बराच वेळ टेकवून ठेवलं. जिलानीनं हात उघडले. त्यानं काय मागितलं हे त्यालाच माहीत. घोडे मागितले नाहीत एवढं त्यानं नंतर सांगितलं, कारण असतील तेवढेच मोजायचे होते. तनुजा ओढणी डोक्यावर घेऊन भिंतीशी उभी राहिली. साबेराबीनं चहात आलं घातलं होतं. चहा पिऊन होईपर्यंत कुणी घड्याळाकडं पाहिलं नाही.

मग गाडी पुन्हा खाली गेली. जिलानी पुन्हा डावीकडं बसला, तनुजा वर उभी राहिली. हॉर्न वाजला. तिसऱ्या गियरमध्ये इंजिन लागलं. लिंब जवळ येऊ लागलं तसं निवृत्तीच्या कपाळावर घाम आला, आणि जिलानीनं स्वतःचा उजवा हात मांडीखाली दाबून धरला. दर्ग्याच्या दारात साबेराबी उभी होती. झाडू वर करून ती शेळ्या हाकाव्यात तशी गाडीला हाकत होती. जा, जा, थांबू नका. निवृत्तीचा पाय हलला नाही. लिंब मागं गेलं. आवाज तसाच भरलेला, एकसंध, वरपर्यंत.

तनुजानं घड्याळ त्याच्यासमोर धरलं. आवाजाचा सेकंद मिळवून सत्तर. जिलानीला वही लागली नाही. एकशे एकोणीस घोडे. पहिल्या गियरमध्ये चाकाला दोन हजार चारशे ऐंशीचा पीळ. हवा होता तेवीसशे. एकशे ऐंशी वर उरत होते.

तरी त्यानं आणखी दोन फेऱ्या करवल्या. एकदा एकाहत्तर, एकदा पुन्हा सत्तर. मगच तो बसला. तनुजानं कागद पुढं केला. त्यानं आकडे लिहिले, सही केली आणि खाली एक ओळ स्वतःहून घातली. ती वाचून तनुजा म्हणाली की याची गरज नाही. जिलानी म्हणाला, तुम्हाला नसेल. ओळ अशी होती: चढताना गाडीत मीही बसणार.

चौदा तारखेला ट्रान्सफॉर्मर आला. घाटाच्या पायथ्याशी तो निवृत्तीच्या गाडीवर घेतला, पट्ट्यांनी आवळला. काट्याच्या पावतीवर अठ्ठावीस टन आणि वर थोडे किलो. सकाळचे दहा वाजले होते. ऊन स्वच्छ होतं. माळावरची माणसं घाटाच्या वरच्या अंगाला दरडीवर बसली होती, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, लग्नाच्या पंगतीची वाट बघत बसावं तशी. गाडीमागं कुणी उभं राहायचं नाही, असं तनुजानं कर्ण्यावरून चार वेळा सांगितलं होतं. दोघे जण लाकडी ठोकळे घेऊन बाजूबाजूनं चालणार होते, गाडी थांबलीच तर चाकामागं टाकायला.

जिलानीनं हिशोब करून ठेवला होता. पहिल्या गियरमध्ये गाडी माणसाच्या झपझप चालीनं जाईल, आणि बैलथांबा शंभर सेकंदांत संपेल. शंभरच्या आत नाही. एकशे दहाच्या वर गेले तर पीळ हरतोय असं समजायचं. त्यानं घड्याळ गळ्यात अडकवलं आणि निवृत्तीला एवढंच सांगितलं, की वाटेत जो कोणी देव लागतो त्याला आत्ताच काय ते सांगून घे.

"रात्रीच सांगितलं," निवृत्ती म्हणाला. "सगळ्यांला. तुमच्यालाबी."

पहिली दोन वळणं गाडीनं सहज घेतली. तिसऱ्यानंतर बैलथांबा समोर आला, आणि काचेतून रस्ता दिसायचा थांबून फक्त आभाळ दिसू लागलं. निवृत्तीनं पहिला गियर आधीच टाकला होता. पुढचं चाक चढाला लागलं तसं जिलानीनं बटण दाबलं.

वीस सेकंद. इंजिनाचा आवाज खाली उतरला आणि एका पट्टीवर बसला. चाळीस. मागच्या चाकांखाली मुरूम कुटला जात होता, घळीच्या बाजूचे खडे सुटून खाली उड्या मारत होते. ठोकळेवाले दोघे पळायला लागले होते. पन्नासच्या सुमारास गाडी एका खाचेत उतरली आणि आवाज आणखी एक पायरी खाली गेला. निवृत्तीनं जिलानीकडं पाहिलं. जिलानीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तो ऐकत होता. आवाज खाली गेला होता, पण फाटला नव्हता. उरलेले एकशे ऐंशी कुठं आहेत ते त्याला ऐकू येत होतं. ते आत्ता लागले होते, एकेक करून, ओझ्याखाली खांदा देणाऱ्या माणसांसारखे.

"दाबून ठेव," तो म्हणाला. "हाय अजून."

गाडी खाचेतून बाहेर आली. आवाज आपल्या जागी परतला. सत्तर. ऐंशी. नव्वद. काचेतलं आभाळ हळूहळू वर सरकायला लागलं, त्याच्या खालच्या काठाला आधी बाभळीचे शेंडे आले, मग फेटे, मग डोकी, मग अख्खी माणसं. पुढचं चाक सपाटीला लागलं. एकशे तीन.

दरडीवरून जो गलका उठला त्यात निवृत्तीनं दिलेला हॉर्न बुडून गेला. कुणी गुलाल आणला होता. गाडी थांबायच्या आतच तो ट्रान्सफॉर्मरवर, काचेवर आणि तनुजाच्या फाइलवर पडला. लोकांनी निवृत्तीला खांद्यावर घेतलं. जिलानीलाही घ्यायला आले, तेव्हा तो म्हणाला, माझं वजन पंच्याहत्तर किलो हाय, एका सेकंदात उचलणार असाल तर उचला. त्यांनी उचललं. कुणी घड्याळ लावलं नव्हतं, पण एक घोडा नक्कीच भरला असता.

सिंधु बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती पुढं आली नाही. निवृत्ती तिच्यापाशी गेला, तेव्हा तिनं गाडीकडं न बघता वर खांबांकडं बघितलं, तारा कुठून कुठं जातात ते. मग तनुजाला विचारलं, किती दिवसांत? तनुजानं चाचण्या धरून तीन आठवडे सांगितले. सिंधुनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. हरभऱ्याला चालणार होतं.

अहमदपुरात ही हकिगत गाडीच्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी गॅरेजसमोर सात ट्रक उभे. सगळ्यांना आपले घोडे वाढवून हवे होते. दर दहाला एक असा हिशोब करून दारावरचा आकडा बदला, असं एक जण म्हणाला. जिलानीनं त्याला हाकलून दिलं. न मोजता एक घोडा मिळणार नाही. खडी भरा, काट्यावर जा, आणि आधी साबेराबीकडं जाऊन सलाम करून या, चहा घेऊन या, मग खालच्या पट्ट्यावर उभे राहा. आता दर्ग्यापुढं रोज एक-दोन गाड्या थांबलेल्या असतात. साबेराबी म्हणते, बाबांना माणसं दिसायला लागली. चहाची साखर ड्रायव्हरांनी आणायची, असा तिनं नियम केला आहे. जिलानी घड्याळ घेऊन कधी वर उभा असतो, कधी गाडीत बसतो. घड्याळ तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी तो एका गाडीखाली उताणा पडला होता आणि खिशातला फोन वाजला. निवृत्तीचा होता. तो शेतातून बोलत होता. बारा वाजता लाइट आली होती, वैनी सारा धरत होती, डोक्यावर ऊन होतं म्हणून कुरकुरत होती.  मग तो म्हणाला, थांबा, ऐकवतो, आणि त्यानं फोन विहिरीवरच्या मोटारीजवळ धरला.

जिलानीनं पाना छातीवर ठेवला. गाडीखालच्या काळोखात, तेलाच्या वासात, त्याला दूरवरून ती घरघर ऐकू आली, आणि तिच्यामागं पाणी पडल्याचा आवाज. त्यानं डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"पाच घोड्यांची हाय," तो म्हणाला. "चांगली चालून राहिली. पण बेअरिंग बदलून घे, चार दिवसांत ओरडायला लागंल."

पलीकडं निवृत्ती हसला आणि त्यानं ते शेतात ओरडून सांगितलं. मग मागून सिंधुचा आवाज आला, उंच, उन्हातला. ती विचारत होती, मिस्त्रींना विचार, बेअरिंग दिवसा बदलता येतं का? रात्रीचं आता मी यायची न्हाई.